'श्यामची आई' आणि रसिकाचे अश्रू

१९५४ साली दिल्लीत राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला देण्यात आले. गौरव यथार्थच होता. तथापि चित्रपटाच्या अभिजाततेचा निर्णय अखेर तो वारंवार पाहणाऱ्या रसिकाकडेच राहतो. साने गुरुजींची कथा ज्याला मुखोद्गत आहे, तोही वनमालाबाईंच्या मुद्रेवरील वात्सल्य आणि करारीपणा पाहून पुन्हा गहिवरतो. कथानकाविषयीचे कुतूहल तर केव्हाच शमलेले असते! या अश्रूंना भाबडेपणा म्हणून हिणवणारी समीक्षा एक प्रश्न टाळते: हे अश्रू पुस्तकाचे, की पडद्याचे? बहुतांश पुस्तकाचे, हे मान्य करावे लागेल. परंतु माधव वझे यांच्या श्यामचा हट्टी, मग एकाएकी वरमलेला चेहरा पुस्तकाच्या पानावर नव्हता. तेथले अश्रू पडद्याचेच.