धमनी आणि नळी : अँजिओप्लास्टीविषयक मराठी आरोग्यलेखनातील एका रूपकाची चिकित्सा

प्रस्तावना :
अँजिओप्लास्टीसंबंधी मराठीत जे सुबोध आरोग्यलेखन होते, त्यात हृदयाच्या धमनीला ‘तुंबलेली नळी’ आणि स्टेंटला ‘स्प्रिंग’ संबोधण्याची प्रथा रूढ आहे. हळदीसाठी परिचित असलेल्या हिंगोली जिल्ह्यात ठिबकाच्या नळ्या रोज हाताळणाऱ्या शेतकऱ्याला हे रूपक चटकन उमगते. तथापि सुबोधता आणि यथार्थता या भिन्न गोष्टी होत. प्रस्तुत लेखात या रूपकाची चिकित्सा करण्यात आली आहे.

रूपकाची मर्यादा :
आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झुरिच येथे हृदयधमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली. केवळ फुग्याने धमनी रुंद केलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० ते ४० टक्क्यांमध्ये ती, बहुधा सहा महिन्यांच्या आत, पुन्हा अरुंद होत असे. साफ केलेली नळी इतक्या लवकर का तुंबावी, याचे उत्तर या रूपकात मिळत नाही. फुगा व स्टेंट यांमुळे धमनीच्या अस्तराला इजा होते. तेथे पांढऱ्या पेशी जमतात, दाह निर्माण होतो आणि भिंतीतील स्नायुपेशी वाढून जखम भरू लागतात. ही भरपाई प्रमाणाबाहेर गेली की पुनःसंकोच होतो. पेशींची वाढ रोखणारे औषधलेपित स्टेंट आल्यावर पुनःसंकोचाचे प्रमाण बरेच घटले, ही बाब याच स्पष्टीकरणाला पुष्टी देते.

रक्तातील दाहदर्शके :
या दाहाची खूण रक्तात शोधण्याचे प्रयत्न झाले. त्यांत १९३० मध्ये शोध लागलेले, यकृतात तयार होणारे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन प्रमुख होय. अँजिओप्लास्टीपूर्वी ते वाढलेल्या रुग्णांत पुनःसंकोच अधिक होतो, असा निष्कर्ष १९९९ मध्ये इटलीतील एका अभ्यासाने मांडला. पुढील अभ्यासांत मात्र, विशेषतः औषधलेपित स्टेंटच्या बाबतीत, एकवाक्यता आढळली नाही. साधा ताप, संधिवात किंवा हिरड्यांचा विकार यांनीही हे प्रथिन वाढते. म्हणून ते दाहाची वर्दी देते. दाह कोठे आहे, हे सांगत नाही. समूहाविषयीचे अनुमान एका रुग्णाचे भविष्य म्हणून मांडणे हा ‘नळी’इतकाच सदोष सुलभीकरणाचा प्रकार ठरेल.

समारोप :
हा वाद केवळ शब्दांचा नाही. सेनगाव वा औंढा नागनाथ तालुक्यातील रुग्ण शहरातून स्टेंट बसवून गावी परततो, तेव्हा त्याच्याजवळ गोळ्यांची चिठ्ठी आणि ऐकलेले दोन-चार शब्द एवढेच उरते. नळी मोकळी झाली असेल, तर गोळ्या कशासाठी, हा त्याचा प्रश्न रूपकाच्या तर्काशी सुसंगतच आहे. परंतु रक्त न गोठण्याच्या गोळ्या परस्पर बंद केल्यास स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. ‘नळी’ऐवजी ‘भरत असलेली जखम’ हे रूपक योजल्यास औषध, तंबाखूत्याग व मधुमेहनियंत्रण यांचे प्रयोजन आपोआप स्पष्ट होते. साल सोललेल्या खोडावर गाठ धरते, हे शेतकऱ्याला ठाऊकच असते. आरोग्यलेखनाने त्याच्या या अनुभवाचा आधार घेणे अधिक उचित ठरेल.