खळ, कागद आणि पत्र्याचा डबा

संगीत, नाट्य आणि पाककला या तीन विद्यांचे गुणगान परदेशस्थ महाराष्ट्रीय मंडळांच्या स्मरणिकांतून यथास्थित होत आलेले आहे. आणि १९३२ साली लंडनला महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले तेव्हापासून, १९८१ साली उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले त्याच्याही पुढे, मराठी माणूस जेथे गेला तेथे त्याने पेटी, तबला, झांजा आणि पुरणयंत्र यांना आपल्या सामानात अग्रहक्काने जागा दिली, याची नोंद कोणत्याही जुन्या स्मरणिकेत सापडेल. परंतु जी कला रंगमंचावर कधी चढत नाही, जिला तिकीट लागत नाही आणि जिची साधना मुलेबाळे निजल्यावर जेवणाच्याच मेजावर कात्री, पुठ्ठा आणि डिंक पसरून चालते, त्या कागदकामाची दखल कोणी घेतल्याचे माझ्या वाचनात नाही. पेपरमिंटच्या गोळ्या संपल्यावर उरलेली पत्र्याची डबी कागदाने मढवावी, तीत नेमकी मावेल अशी घडीची चिमुकली चिकटवही बसवावी, आणि त्या वहीत आजोळचे सारे गणगोत नांदते करावे, हा उद्योग परदेशातील कितीतरी मराठी घरांत मोठ्या निगुतीने चालू आहे. आणि गिरगावच्या वाडीत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला तो पाहताना जी ओळख पटली, ती सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

सुटीवर आलेल्या एका भाचीने अशीच एक डबी माझ्या हाती ठेवली आणि वर “मामा, घाई करू नका, एकेक घडी उलगडा” अशी ताकीदही दिली. झाकणावर एका लग्नपत्रिकेतला गणपती कातरून बसवलेला होता. ती पत्रिका कांदेवाडीत, म्हणजे आजच्या खाडिलकर मार्गावर, छापलेली असल्याचे मला तिच्या कागदावरूनच कळले. कडेने सोनेरी कागदाची पट्टी होती. आणि आत पंख्यासारख्या दुमडलेल्या एका लांब पट्टीवर फणसवाडीतल्या चाळीचे लाकडी कठडे, त्यांवर वाळत घातलेली धोतरे, नऊवारीतील आजी, आणि आजोबांनी कधीकाळी पोथीत खूण म्हणून घातलेले ट्रामचे तिकीट अशी मंडळी आपापल्या जागी विराजमान झालेली होती. मुंबईची ट्राम बोरीबंदराहून दादरपर्यंत अखेरची धावली ती ३१ मार्च १९६४ रोजी. तेव्हा कंडक्टरने टोचलेला तो कपटा निदान साठ वर्षे पोथीच्या आश्रयाने तग धरून अखेर एका परदेशी डबीत कायमचा वस्तीला गेला, आणि आमच्या घरातील कोणालाही जे सुचले नव्हते ते तेथे जन्मलेल्या मुलीला सुचले.

ही कला तिकडच्या छांदिष्ट वस्तूंच्या दुकानांची देणगी आहे, असा शेरा आमच्यातील काही जाणकार मारतात. कागद, ठसे आणि कात्र्या त्या दुकानांतल्या असतात, एवढे मान्य करायला हरकत नाही. पण हाताला वळण लावले ते वाडीने. ज्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ सालापासून सार्वजनिक गणपती बसतो त्या गिरगावात, किंवा ज्या गणेश गल्लीत १९२८ सालापासून उत्सव चालू आहे त्या लालबागेत, दरसाल काही दिवस कागदाशी झटापट केल्यावाचून कोणाचे बालपण पार पडत नसे. मखराच्या महिरपी कापणे, पताकांची सुतळी ओवणे, क्रेपच्या कागदाची फुले वळणे ही कामे वयोमानाप्रमाणे वाटून दिलेली असत. दसरा उलटला की आकाशकंदिलाची वर्गणी निघे. थोरल्या मुलांनी बांबूच्या कामट्या तासायच्या, मधल्यांनी सुताने सांधे आवळायचे, आणि धाकट्यांनी झिरमिळ्या व करंज्या कातरायच्या. पतंगी कागद ओलसर खळीने ताणून बसवला म्हणजे सुकताना तो आपोआप तंग होतो, आणि खळ जास्त झाली तर तोच कागद सांध्याशी फाटतो, हे पदार्थविज्ञान आम्हांला कोणत्याही शाळेने शिकवलेले नव्हते. खळ मात्र वडीलधाऱ्या बाईच्याच हातची. मैदा पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचा, मंद आचेवर तो पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा, आणि कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे. हे विष आहे, बोटे चाटू नका, हा इशारा दर वर्षी नव्याने दिला जाई.

स्त्रियांच्या हातांतील कागदकामाची खरी परीक्षा रुखवतात होई. वधूपक्षाने मांडलेले ते प्रदर्शन पाहायला वरपक्षाच्या ज्येष्ठ स्त्रिया चष्मे पुसून येत, आणि आगपेट्यांचा बंगला, कागदी तुळशीवृंदावन, मणी व टिकल्या लावलेले डबे यांची अशी कसून तपासणी करीत की सरकारी हिशेबतपासनीसानेही तिच्यापुढे मान खाली घालावी. या कौशल्याची दुसरी शाखा देवघरात होती. राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे तो मळवलीस हलला, आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोचल्या. पण त्या जशाच्या तशा काचेआड घालणे कित्येक गृहिणींना पसंत पडेना. त्यांनी छापील लुगड्यावर खऱ्या जरीची किनार चिकटवली, अलंकारांवर टिकल्या जडवल्या, आणि बाजारातली तसबीर आपल्या घरची करून घेतली. अशा मढवलेल्या तसबिरी आज संग्राहक शोधत असतात, मात्र त्या मढवणाऱ्या बायकांपैकी एकीचेही नाव त्यांवर नाही.

आणि डबा? या बाबतीत तर मुंबईचा अधिकार फार जुना आहे. शिवडीच्या कारखान्यात १९३२ साली वनस्पती तूप तयार होऊ लागले, १९३७ साली त्याला डालडा हे नाव मिळाले, आणि हिरव्या ताडाच्या चित्राचा तो पिवळा डबा लवकरच परळ-लालबागच्या चाळींतून सर्वसंचारी झाला. तूप संपल्यावर त्याचे दुसरे आयुष्य सुरू होई. गॅलरीत तो तुळशीची कुंडी झाला, फळीवर डाळ-तांदळाचे भांडार झाला, आणि चाळीच्या टोकाला भल्या पहाटे जी रांग लागे तिच्यात तो मालकाच्या वतीने नंबर लावून उभाही राहिला. सुबक डब्यांना अर्थातच वरचा दर्जा मिळे. चित्रांचा बिस्किटांचा डबा आला की बिस्किटांपेक्षा डब्याच्याच वाटणीवरून घरात तंटा होई, आणि निकाल बहुधा आईच्या सुईदोऱ्याच्या बाजूने लागे. ज्यांचे मूळ कोकणात आहे त्यांना चित्रांकित पेटीचे आणखी जुने उदाहरण आठवेल. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची एकशेवीस गोल पाने, दर अवताराला बारा या हिशेबाने, रंगवलेल्या लाकडी पेटीत नांदत; तो खेळ आणि ती कारागिरी नामशेष होऊ घातली असता सावंतवाडीच्या शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती तगवली. झाकण उघडावे आणि आतून एकेक चित्र बाहेर काढावे, या सुखाची गोडी आपल्याला काल लागलेली नाही.

चिकटवहीचा इतिहास याहून लोकाभिमुख. मार्क ट्वेन या अमेरिकी विनोदी लेखकाने १८७३ साली पानांवर आधीच डिंक दिलेल्या चिकटवहीचे पेटंट घेतले होते. आमच्याकडे पेटंटाची गरज पडली नाही, कारण खळीची वाटी शेजारच्या बिऱ्हाडातून मागून आणता येई. गिरणगावातील मुलांचे वैभव निराळेच होते. कापडाच्या ताग्यांवर चिकटवलेल्या, देवादिकांच्या आणि वाघ-हत्तींच्या रंगीत छापील चिठ्ठ्या वडिलांच्या खिशातून घरी येत. त्यांच्या जोडीला काड्यापेट्यांचे छाप असत, आणि दिवाळी सरली की जुन्या अंकांतील दीनानाथ दलालांची व दिनदर्शिकांवरील रघुवीर मुळगावकरांची चित्रे कातरण्याची परवानगी मिळे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, त्यांचे दप्तर रद्दीत गेले, आणि ज्या चिठ्ठ्यांना कोणी दमडीची किंमत देत नव्हते त्यांची साक्ष आज एखाद्या मुलाच्या जुन्या वहीतच मिळायची.

परदेशातल्या आपल्या भगिनींनी या वारशात जी भर घातली आहे ती शास्त्रोक्तपणाची, आणि तिचे कौतुक मी हातचे न राखता करतो. पत्रा पाणी पीत नाही, म्हणून खळीने लावलेला कागद त्यावर टिकत नाही. हा आमचा जुना पराभव त्यांनी पत्रा आधी पॉलिश पेपरने घासून, त्यावर प्रायमरचा हात देऊन, मग कागद चिकटवून निकालात काढला. बिजागरीपाशी कागद किंचित आखूड ठेवला नाही तर झाकण दोनचार वेळा उघडताच तो चुरगळतो, हे त्यांना ठाऊक आहे. वहीची पट्टी डबीच्या आतल्या मापापेक्षा थोडी कमी घ्यायची, कोपरे गोल करायचे, आणि फोटो चिकटल्यावर जाडी किती वाढेल याचा अंदाज आधीच बांधायचा. नाही तर सारे काम मनासारखे झाल्यावर झाकणच बसत नाही. सर्वांत महत्त्वाची गोष्ट कागदाच्या निवडीची. वर्तमानपत्री कागदात लाकडातील लिग्निन राहून जाते आणि उजेड व हवा लागताच तो पिवळा पडून ठिसूळ होतो. म्हणून कात्रणाची नक्कल काढून घ्यायची, आणि तळाला आम्लरहित कागद वापरायचा, हा नेम त्या कसोशीने पाळतात. आमच्या चिकटवह्या मात्र मुंबईच्या दमट हवेने आणि कसरीने केव्हाच फस्त केल्या.

इकडची हकीकत सांगताना संकोच वाटतो. दादरला रानडे रोडच्या आसपास आता सबंध रुखवत तयार मिळते, घडीचा कंदील पाकिटातून निघून क्षणात खिडकीत लटकतो, आणि मखराच्या बाबतीत तर कित्येक वर्षे थर्मोकोलचेच राज्य होते. २३ मार्च २०१८ रोजी राज्य शासनाने थर्मोकोलवर बंदीची अधिसूचना काढली आणि पुठ्ठा व कागद यांना गणपतीपुढे पुन्हा मानाचे स्थान मिळाले, हा सरकारी हुकमाचा एक दुर्मीळ कलात्मक परिणाम म्हटला पाहिजे. माहीमच्या कंदील गल्लीत अजून हाताने कंदील बांधणारी माणसे आहेत. त्यांच्या कामट्या तशाच सफाईने वळतात. पण ती विकणाऱ्यांची कारागिरी झाली. घरातल्या माणसांनी घरासाठी, पैशाचा हिशेब न मांडता, कातरावे आणि चिकटवावे ही रीत येथे विरळ होत असता, बांबूऐवजी बागकामाच्या दुकानातील काड्या आणि पतंगी कागदाऐवजी भेटवस्तूंचे तलम कागद घेऊन तुम्ही ती चालू ठेवलीत, याचे श्रेय तुम्हांलाच आहे.

तरी एक तक्रार नोंदवतो. तुमच्या कित्येक डब्यांत चमकी फार आणि मजकूर थोडा असतो. तयार छापील इंग्रजी सुवचनांनी पाने भरतात, आणि कठड्याशी उभी असलेली बाई कोण, हे मात्र कोठेच लिहिलेले नसते. भाचीच्या डबीतील एका पुरुषाचे नाव तिला ठाऊक नव्हते आणि मलाही आठवेना. शिवाय आजकालची पुष्कळशी तिकिटे उष्णतेने छापलेली असतात; काही वर्षांत त्यांवरचा मजकूर उडून कागद कोरा होतो, तेव्हा ट्रामच्या तिकिटाची पुण्याई त्यांच्या अंगी येणार नाही. म्हणून स्मरणिकेच्या वाचकांना एवढीच विनंती आहे, की पुढची डबी करायला घेण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला फोन करावा, चित्रातील प्रत्येकाचे नाव, नाते, वाडी आणि साल विचारून घ्यावे, ते फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने आणि पानावर न उडणाऱ्या शाईने, आपल्या हाताने, मराठीत लिहावे, आणि डबीच्या तळाशी ती करणारीने स्वतःचेही नाव घालावे.