खालीची मात्रा

स्कॉटिश फुटबॉल गोलकीपर क्रेग गॉर्डनचा तो बचाव पहिल्यांदा पाहिला तेव्हा काय झालं ते मला कळलंच नाही. 18 डिसेंबर 2010, संडरलंड विरुद्ध बोल्टन. बोल्टनचा झॅट नाइट गोलपासून जेमतेम चार-पाच पावलांवर. तो चेंडू मारतो आणि चेंडू जाळीत नसतो. एवढंच. संथ गतीनं पुन्हा पाहिलं तेव्हा कुठे उलगडा झाला. गॉर्डननं आधीच झेप टाकलेली असते, म्हणजे विचार करायची वेळ संपलेली असते. देह खाली येतोय आणि हात मात्र वर चाललाय, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा आहे! 2012 मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगला वीस वर्षं झाली तेव्हा हाच बचाव त्या वीस वर्षांतला सर्वोत्तम ठरला.

आणि त्याच उन्हाळ्यात संडरलंडनं त्याला मोकळं केलं.

2007 मध्ये एडिंबराच्या हार्ट्सकडून त्याला घेताना याच क्लबनं 90 लाख पौंड मोजले होते. एका गोलकीपरसाठी तोवर कुठल्या ब्रिटिश क्लबनं एवढी रक्कम दिली नव्हती. मग हात मोडला, गुडघ्यानं दगा दिला. 2012 नंतरची दोन वर्षं त्याला क्लबच नव्हता. डम्बार्टनसारख्या छोट्या क्लबच्या गोलकीपरांना तो शिकवत होता.

गॉर्डनची कारकीर्द वाचायची तर ही दोन वर्षं गाळून चालत नाही. तबल्याच्या ठेक्यात खाली असते. हातावर ताल धरताना तिथे टाळी पडत नाही, उघडा तळवा नुसता बाजूला जातो. पण ती मात्रा मोजावीच लागते, नाहीतर समेवर येणार कसे? तसं पाहिलं तर गोलकीपरचा सगळा खेळच खालीचा. बाकीचे दहाजण धावतात, हा उभा असतो. नव्वद मिनिटांत काम पडतं ते चार क्षण. स्ट्रायकर चुकला तर लोक हळहळतात, हा चुकला तर फलकावर आकडा चढतो.

2014 मध्ये ग्लासगोच्या सेल्टिकनं त्याला बोलावलं. 2016-17 च्या हंगामात एकही देशांतर्गत सामना न हरता क्लबनं तिन्ही चषक जिंकले, तेव्हा गोलमध्ये प्रामुख्यानं हाच होता. चषकांची यादी इथेच थांबवतो, ती कुठेही सापडेल. 2020 मध्ये तो हार्ट्समध्ये परतला. 24 डिसेंबर 2022 ला डंडीत टॅनाडाइसच्या मैदानावर टक्कर झाली आणि पाय दोन ठिकाणी मोडला. चाळिशी आठवड्यावर आली होती. या वयात पाय मोडलेल्या गोलकीपरला लोक सत्काराची शाल देतात, हातमोजे नाहीत. 2024 च्या जानेवारीत तो पुन्हा खेळला. जूनमध्ये फिनलंडविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि स्कॉटलंडचा आजवरचा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. युरो स्पर्धेच्या अंतिम यादीतून मात्र त्याचं नाव वगळलं गेलं. पुन्हा खाली.

सम आली 18 नोव्हेंबर 2025 ला, ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर. समोर डेन्मार्क, पणाला विश्वचषकाचं तिकीट. 1998 नंतर स्कॉटलंड त्या स्पर्धेत पोचलाच नव्हता. नेहमीचा गोलकीपर अँगस गन जखमी, म्हणून गॉर्डन. वय बेचाळीस. त्यानं एकहाती सामना वाचवला असं नाही. दोन गोल त्याच्यावर झालेच, आणि नव्वद मिनिटांनंतरच्या जादा वेळेत ज्यांनी सामना फिरवला ते कीरन टिअर्नी आणि केनी मॅकलीन.

तरी त्या रात्रीची चित्रफीत मिळाली तर शेवटचा, चौथा गोल नीट पाहा. मॅकलीन मध्यरेषेजवळून चेंडू उंच मारतो. पुढे आलेला डॅनिश गोलकीपर कॅस्पर श्मायकेल मागे-मागे पळतो आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जाळीत जातो. श्मायकेल तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. समोरच्या टोकाला जो उभा होता, त्याला स्कॉटलंडकडून पहिला सामना खेळून साडेएकवीस वर्षं झाली होती.