मृताचे पूर्वचरित्र आणि न्यायाचे माप

मृताविषयी वाईट बोलू नये, हा आपल्या घराघरांतून चालत आलेला संकेत. खुनाच्या खटल्यात तो नेहमीच पाळता येत नाही. ‘स्वसंरक्षणार्थ वार केला’ असे आरोपी म्हणतो, तेव्हा मृत मनुष्य कसा होता हा प्रश्न येतोच. सार्थक दासगुप्ता दिग्दर्शित ‘२०० : हल्ला हो’ (२०२१) हा हिंदी चित्रपट रावपुऱ्यातील आमच्या घरी पुन्हा पाहताना याच प्रश्नाने आम्हांस अस्वस्थ केले.

चित्रपटामागील घटना नागपूरची. १३ ऑगस्ट २००४ रोजी तेथील जिल्हा न्यायालयात अक्कू यादव या गुंडास जमावाने ठार मारले. त्यात कस्तुरबानगरातील स्त्रिया प्रामुख्याने होत्या. त्याच्यावर बलात्कार, खंडणी, खून असे आरोप होते; पोलीस दाद देत नाहीत, हे वस्तीचे गाऱ्हाणे होते. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. मृताच्या दुष्कृत्यांचे वजन किती, याचा निवाडा त्या सुटकेने झाला नाही.

अमोल पालेकरांचा संयत निवृत्त न्यायाधीश आणि जातीय दडपणाविषयीचे स्पष्ट बोलणे, ही चित्रपटाची बलस्थाने. परंतु ‘तो मरण्याच्याच लायकीचा होता’ आणि ‘त्या क्षणी दुसरा उपाय नव्हता’ ही दोन विधाने त्यात एकमेकांत मिसळतात. कायद्याच्या दृष्टीने पहिले अप्रस्तुत, दुसरे निर्णायक.

आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य सामान्यतः त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हा नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ४९ व्या कलमात कायम आहे. मृताविषयी असे स्वतंत्र कलम नाही. मात्र मनःस्थिती दाखविणारी तथ्ये १२ व्या कलमान्वये पुढे आणता येतात. मृताच्या पूर्ववर्तनास दार उघडते ते येथे. आरोपीस ते ठाऊक होते काय, आणि त्यामुळे त्या क्षणीची भीती वाजवी ठरते काय, एवढेच पाहावयाचे. अक्कू यादव तर त्या वेळी पोलिसांच्या ताब्यात होता. स्वसंरक्षणाचा दावा तेथेच अडखळतो.

शासकीय सेवेत कार्यकारी दंडाधिकारी असताना १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ११० व्या कलमाखालील प्रकरणे आमच्यापुढे येत. सराईतपणा ठरविण्यास लोकांतील ख्यातीचा पुरावाही तेथे चाले. पण तो इसम समोर उभा असे, साक्षीदारांची उलटतपासणी करू शके. फार तर चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यावा लागे. मृतास यातले काहीच शक्य नाही.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये लुटुपुटीच्या खटल्यात आरोप एक आणि चौकशी बेणारेबाईंच्या अवघ्या आयुष्याची होते. तेथे आपण चिडतो. चित्रपटात तेच शस्त्र दुर्जनावर चालते, तेव्हा आपण टाळ्या वाजवितो. शस्त्र मात्र बदललेले नसते.

म्हणून मृताचे पूर्वचरित्र न्यायालयाबाहेर ठेवावे, असे आम्ही म्हणत नाही. वर्षानुवर्षे छळ सोसलेल्या स्त्रीची भीती त्यावाचून कळणारच नाही. ते दडपणे हाही अन्यायच. मात्र ते भीतीचा पुरावा म्हणून ऐकावे, मृत्यूचे समर्थन म्हणून नव्हे. हा भेद चित्रपटाने स्पष्ट केला असता, तर त्या स्त्रियांची बाजू दुबळी न होता अधिक बळकट झाली असती.