'आत्मकथा' : प्रतिबिंब आणि प्रतिध्वनी

ओव्हिडच्या काव्यात नार्सिससच्या कथेला एकोच्या कथेची जोड आहे, याचा पुष्कळदा विसर पडतो. स्वतःच्या प्रतिबिंबात गुंतलेल्या पुरुषाजवळ, दुसऱ्याचे अखेरचे शब्द तेवढे उच्चारू शकणारी एक स्त्री झिजत असते. आत्मरतीची मानसशास्त्रीय मीमांसा फ्रॉइडने १९१४ मध्ये केली. ती नातेसंबंधांचे काय करते, याचा प्रत्यय महेश एलकुंचवार यांच्या 'आत्मकथा' (१९८८) या नाटकात येतो.

ख्यातनाम लेखक राजाध्यक्ष आपले आत्मचरित्र प्रज्ञा या तरुण अभ्यासिकेला सांगत आहेत. पत्नी उत्तरा आणि तिची बहीण वासंती यांच्याशी असलेल्या संबंधांना त्यांनी पूर्वी कादंबरीचे रूप दिले आहे. जगलेले आणि लिहिलेले यांतील अंतर हा या नाटकाचा गाभा होय. राजाध्यक्षांचा दोष केवळ प्रतारणेचा नाही. इतरांचे दुःख त्यांच्या लेखी आपल्या निर्मितीची सामग्री ठरते, हा तो अधिक गंभीर दोष आहे.

तरीही नाटककार त्यांना खलपुरुष करीत नाही. उत्तरा दूर होते, प्रज्ञा प्रश्न विचारते. अशा माणसापुढे टिकण्याचे हे दोन मार्ग : पहिल्याने स्वत्व वाचते, दुसऱ्याने सत्याची शक्यता. मात्र या स्त्रियांच्या बोलण्याचे केंद्र राजाध्यक्षच राहतात. ही नाटकाची मर्यादा नव्हे, त्याचे मर्म आहे. आत्मरत माणसापासून दूर जाता येते. त्याने रचलेल्या आपल्या कथेतून बाहेर पडणे अधिक कठीण असते.