प्रश्न टाइप करायचा की पर्याय निवडायचा? मार्क ब्लँकचे रहस्यखेळ

पेट-नेटची तयारी करताना आपण चार पर्यायांतून एक निवडायला शिकतो. संशोधनात पर्याय कुणी देत नाही, प्रश्नसुद्धा आपणच मांडायचा असतो. हा फरक कळायला मार्क ब्लँक या अमेरिकन खेळलेखकाचं काम फार उपयोगी पडतं.

त्याचा प्रकार इंटरॲक्टिव्ह फिक्शन. पडद्यावर फक्त मजकूर. आपण आज्ञा टाइप करायची, त्यानुसार गोष्ट पुढे सरकते. १९७७ मध्ये एमआयटीत 'झॉर्क' लिहायला घेणाऱ्या चौघांत ब्लँक होता. १९७९ मध्ये निघालेल्या इन्फोकॉम कंपनीच्या संस्थापकांतही तो होता.

१९८२ चा 'डेडलाइन' हा त्याचा सर्वांत महत्त्वाचा खेळ. बंद खोलीत एका उद्योजकाचं प्रेत सापडलंय, औषधाचा डोस जास्त झालाय. आत्महत्या की खून? तपासाला बारा तास. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेत वाचक झुंझारच्या मागे धावतो. इथे मात्र आपणच पुढे.

संशोधकाने यात तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, पात्रं आपल्यासाठी थांबत नाहीत. टपाल येतं, फोन वाजतो. तेव्हा तुम्ही दुसऱ्या खोलीत असाल तर ते हुकलं. फुलोऱ्याच्या दिवसांत फील्डवर नसलो तर वर्ष जातं, तसंच हे. दुसरी, सार्जंट डफी वस्तू प्रयोगशाळेत नेतो, पण ती कोणत्या पदार्थासाठी तपासायची हे आपल्याला सुचावं लागतं. म्हणजे आधी गृहीतक, मग चाचणी. तिसरी, पुराव्याशिवाय अटक केली तर खटला टिकत नाही. संशय बरोबर असूनही आपण हरतो!

दोषही आहेत. खेळाला ठरावीक शब्दच समजतात. विचार बरोबर पण शब्द वेगळा, की गाडी अडलीच. शिवाय उत्तर लेखकाने आधीच ठरवलेलं असतं. आपल्या प्रयोगाला तशी हमी नसते.

पुढे १९८७ च्या 'बॉर्डर झोन'मध्ये त्याने घड्याळ आणखी कडक केलं: आपण विचार करत बसलो तरी वेळ पळतो. १९८९ च्या 'जर्नी'त तर टाइप करणंच काढून टाकलं. आज्ञा यादीतून निवडायच्या. शब्दांची अडचण सुटली, खेळणं सोपं झालं, हे मान्य. पण माझ्या मते इथे मोठं नुकसान झालं. 'डेडलाइन'मध्ये माळी चिडलाय हे ऐकून त्याला कारण विचारायचं, हे आपल्याला सुचावं लागतं. तोच प्रश्न यादीत दिसला असता, तर निम्मा तपास लेखकानेच करून दिला असता. अडचण शब्दांची होती, औषध मात्र प्रश्नांवर चाललं.

नंतर ब्लँकने सहसंस्थापक म्हणून उभ्या केलेल्या स्टुडिओने १९९९ मध्ये 'सायफन फिल्टर' काढला. तो गोळीबाराचा खेळ, वाट पूर्ण वेगळी.

'डेडलाइन' जरूर खेळा. नुसता मजकूर असल्याने रनाळ्यासारख्या गावातला जुना लॅपटॉपही पुरतो. शेजारी वही ठेवा आणि प्रत्येक आज्ञेआधी लिहा: मी हे का विचारतोय, आणि कोणतं उत्तर आलं तर माझा संशय चुकीचा ठरेल? हीच सवय सिनॉप्सिस लिहिताना कामी येईल.