डोक्यावर हंडा असताना

मंत्रिमंडळाने एखादा प्रस्ताव मंजूर केला की इंग्रजी वर्तमानपत्राच्या मथळ्यात हमखास ‘नॉड’ येतो. अरुंद रकान्यात तो छान बसतो. मराठी उपसंपादकाला जागेची अडचण तेवढीच, तरी तो ‘मंत्रिमंडळाने मान डोलावली’ असा मथळा देत नाही. तो हिरवा कंदील दाखवतो, नाहीतर शिक्कामोर्तब करतो, अगदीच झालं तर मोहोर उमटवतो. कारण मराठीत मान डोलावतो तो नंदीबैल. सरकारने मान डोलावली असं लिहिलं, तर गुबूगुबू कोण वाजवतंय हा प्रश्न लगेच येणार.

मग मराठी बातमीतल्या डोलत्या माना जातात कुठे? थोड्या सवाई गंधर्वच्या वार्तांकनात, रसिकांच्या खांद्यांवर. तिथे त्या निरुपद्रवी आहेत. बाकी सगळ्या खाली उतरतात, जिल्हा पानावर, पाणीटंचाईच्या मालिकेत, पाड्यावर. मंत्री ‘स्पष्ट करतात’, अधिकारी ‘नमूद करतात’, आमदार ‘ठणकावतात’. आदिवासी बाई मात्र मान डोलावते.

हरसूल परिसरातल्या पाड्यांवर उन्हाळा लागला की शहरातले बातमीदार येतात. मीही असाच जात असे. नाशिकहून त्र्यंबकेश्वर, तिथून घाट-वळणं, हरसूलच्या नाक्यावर चहा आणि पुढे कच्चा रस्ता. घरात कोकणा बोलणाऱ्या बाईला आपण पुस्तकी मराठीत विचारतो, “मावशी, पाण्याचे फार हाल आहेत ना? सरकार लक्ष देत नाही ना?” वाक्य आपलं, त्यातला ‘ना’ही आपला. तिच्याकडून फक्त मान हवी असते. ती मिळाली की संध्याकाळी आपलंच वाक्य तिच्या तोंडी, अवतरणचिन्हांत छापायला मोकळे. या एका हालचालीवर ग्रामीण वार्तांकनाचा केवढा डोलारा उभा आहे!

टीव्हीवर हा होकार वेगळा चित्रित करण्याचीही पद्धत आहे. कॅमेरा एकच असला की मुलाखत संपल्यावर बातमीदार नुसताच बसून मान हलवतो आणि संकलक ते तुकडे उत्तरांच्या सांध्यांवर चिकटवतो. ब्रिटनच्या फाइव्ह वाहिनीने २००७ मध्ये आपल्या बातम्यांतून ही क्लृप्ती काढून टाकली. तिथे निदान खोटी मान बातमीदाराची स्वतःची होती. आपण ती समोरच्या माणसाकडून उसनी घेतो.

उसनी म्हणण्याचं कारण सांगतो. एका बातमीत मी लिहिलं होतं, ‘डोक्यावर दोन हंडे घेतलेल्या त्या माउलीने खिन्नपणे मान डोलावली.’ छापून आलं, चार जणांनी कौतुकही केलं. पुढच्या खेपेला हरसूलमध्ये एका शिक्षकाने कात्रण पुढे केलं आणि विचारलं, “दोन हंडे डोक्यावर असताना मान डोलावून दाखवाल का?” मी गप्प. चुंबळीवर एक हंडा, त्यावर दुसरा. भरलेला स्टीलचा हंडा कसा तोलला जातो हे मी तासभर पाहिलं होतं. मान खांबासारखी स्थिर, चाल कमरेतून, खाली बघायचं तर फक्त बुबुळं खाली. मान हलली तर पाणी सांडणार. हे सगळं डोळ्यांसमोर असताना माझ्या हाताने सवयीचं वाक्य लिहून टाकलं होतं.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्याच शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीच्या खोल पात्रावर टाकलेल्या लाकडी बल्लीवरून हंडे घेऊन जात असल्याची छायाचित्रं २०२२ च्या सुरुवातीला सगळीकडे झळकली. त्यावर लोखंडी पूल झाला आणि त्याच पावसाळ्यात तो वाहून गेला. ती छायाचित्रं पुन्हा काढून बघा. सगळ्यांच्या माना ताठ आहेत. कॅमेऱ्याने पाहिलं ते लेखणीला दिसत नाही.

या पट्ट्यात बोहाडा होतो. रात्रभर मुखवट्यांची सोंगं नाचतात. जड मुखवटा बांधलेल्या माणसालाही नुसती मान हलवता येत नाही. संबळाच्या ठेक्यावर तो अख्ख्या अंगाने वळतो, झुकतो. त्यावरच्या बातम्यांत मात्र ‘प्रेक्षकांनी माना डोलावल्या’ हे ठरलेलं.

पेसा या आदिवासी भागांतल्या पंचायतींच्या कायद्याखालच्या गावांत प्रश्न आणखी टोकदार होतो. ग्रामसभेची संमती हा कायद्याचा शब्द आहे. ‘ग्रामस्थांनी माना डोलावल्या’ ही बातमीदाराची सोय. कोणत्या ठरावावर, कोणी वाचून दाखवल्यावर, किती जण बसले असताना, हे त्या वाक्याखाली गडप होतं.

अनिल अवचटांनी ‘माणसं’ या पुस्तकात निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर लिहिलं. तिथे मजुरी किती, कशाची, किती तास, असे बारके प्रश्न असतात. असल्या प्रश्नाला मान डोलावून उत्तर देताच येत नाही, तोंड उघडावं लागतं. आजच्या ग्रामीण वार्तांकनात मला हे प्रश्न क्वचित दिसतात. रकाना लहान झाला हे कारण मला पटत नाही. ‘किती खेपा?’ हा प्रश्न दोनच शब्दांचा आहे.

त्या बाईने माझ्या ‘ना’ला काय उत्तर दिलं होतं, हे मी नंतर जुन्या वहीत शोधलं. वहीत तारीख होती, पाड्याचं नाव होतं आणि ‘होकार’ एवढा एक शब्द. आठवतं ते इतकंच की ती थांबली नव्हती. जाता जाता तिने डोळे मिटून उघडले होते. ते हो होतं, की कपाळावरून ओघळलेलं पाणी डोळ्यांत गेलं होतं?